काट्याचा पासंग

रात्रीचे सव्वादोन. जहाजाच्या मागच्या डेकवर आम्ही सहाजण कठड्याला धरून उभे होतो. अंगात लाइफजॅकेट, डोक्याला हेल्मेट आणि सगळ्यांची नजर काळ्या पाण्यावर. डेकवरचे मोठे दिवे मुद्दाम मालवलेले. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाचा हा पूर्व किनारा, गिझबर्न शहर आमच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर. खाली दोन हजार मीटर पाणी. पाऊण तासापूर्वी आम्ही तळाशी वर्षभर बसलेल्या एका यंत्राला ध्वनिसंकेतानं हाक दिली होती आणि 'ऐकलं' असं त्याचं उत्तरही आलं होतं. तेव्हापासून दर मिनिटाला अंतर मोजत होतो. १,६००, १,५५०, १,५०५... म्हणजे नांगर खाली सोडून ते वर निघालं होतं. आकडा दोनशेच्या आत आला तशी मी संगणक सोडून बाहेर धावले.

"डावीकडे! डावीकडे बघा!" एक खलाशी ओरडला. लाटेच्या माथ्यावर पांढरा दिवा लखकन चमकला, लाटेआड गेला, पुन्हा चमकला. मला हुंदकाच आला. त्या दिव्याखालच्या डब्यात एका वर्षाचं पाण्याचं वजन नोंदलेलं होतं, सेकंदासेकंदाला.

मी मूळची हर्णैची. आमचे आबा, म्हणजे आजोबा, तांडेल होते, मच्छीमार बोटीचे प्रमुख. खोली ते अजूनही मीटरमध्ये सांगत नाहीत, वावेत सांगतात. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून वावा मोजायच्या. मोहिमेवर निघण्याआधी फोनवर मी त्यांना सांगितलं, "आबा, तुमच्या हिशेबानं अकराशे वाव पाणी आहे." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढ्या पाण्यात खाली काय ठेवतेस, बाय?"

"वजनकाटा," मी म्हटलं.

मी सांगितलं ते शब्दशः खरं आहे. समुद्रतळावरचा दाबमापक हा त्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या पाण्याच्या खांबाचं वजन करणारा काटा आहे. आत क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक ठरावीक गतीनं कंप पावत असतो. त्याच्यावर दाब आला की कंपनाची गती बदलते, आणि तो बदल मोजून दाब कळतो. शेजारी दुसरा स्फटिक फक्त तापमान बघतो, कारण गारव्यानंही कंपन बदलतं. दोन हजार मीटरवर दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट असतो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दोनशे किलोच्या आसपास वजन. आणि आम्हाला शोधायचा असतो एक सेंटिमीटर पाण्याचा फरक. दोन लाखांत एक. स्फटिकाची नजर त्याहून कितीतरी तीक्ष्ण असते, एक मिलिमीटर पाणीसुद्धा तो चुकवत नाही. अडचण दुसरीच आहे, ती पुढे सांगते.

हा खटाटोप गिझबर्नसमोरच का? इथे पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक अवाढव्य तुकडा, उत्तर बेटाच्या खाली घुसतो. दोन पट्टांचा जोड जिथे समुद्रतळाला येऊन मिळतो तो हिकुरांगी खंदक. २६ मार्च १९४७ च्या सकाळी या किनाऱ्याजवळ भूकंप झाला. तीव्रता सातच्या आसपास, म्हणजे फार मोठी नव्हे. किनाऱ्यावर धक्काही सौम्यच जाणवला, मात्र तो लांबला. लोकांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि अर्ध्या तासानं समुद्र आत आला. गिझबर्नच्या उत्तरेला काही ठिकाणी पाणी दहा मीटर चढलं. वस्ती विरळ होती म्हणून कुणी दगावलं नाही. भूशास्त्रात अशा भूकंपांना 'त्सुनामी भूकंप' हे वेगळं नाव आहे. जोडाचा अगदी वरचा, खंदकाजवळचा भाग तुटतो आणि तो संथपणे तुटतो. जमीन कमी हादरते, पाणी मात्र पुरेपूर उचललं जातं. माणसाच्या अंगाला जाणवणारा धक्का इथे फसवतो. म्हणूनच या देशात शाळकरी मुलांनाही घोकवलं जातं, 'लाँग ऑर स्ट्राँग, गेट गॉन'. धक्का लांबला किंवा जोराचा बसला की भोंग्याची वाट न बघता उंचावर निघायचं.

आता त्याच जागेची दुसरी गोष्ट. दर दीड-दोन वर्षांनी इथली जमीन दोन-तीन आठवडे हळूहळू सरकते. भूकंप होत नाही, कुणाच्या कपातला चहाही हलत नाही. जीपीएसच्या स्थानकांवर तेवढं दिसतं, की गिझबर्नचा किनारा पूर्वेकडे एक-दोन सेंटिमीटर गेला. याला 'स्लो स्लिप' म्हणतात, मी 'मंद सरक' म्हणते. पण जीपीएस जमिनीवर आहे आणि जोडाचा धोकादायक भाग समुद्राखाली. किनाऱ्यावरून तो दिसत नाही. मंद सरक खंदकापर्यंत पोचते की अलीकडेच थांबते, हा प्रश्न कित्येक वर्षं तसाच होता.

मे २०१४ मध्ये न्यूझीलंड, जपान आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी इथे चोवीस दाबमापक आणि पंधरा भूकंपमापक तळावर सोडले आणि वर्षभर ठेवले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नेमकी त्यांच्या पायाखालीच मोठी मंद सरक झाली. दाबमापकांनी दाखवलं, की समुद्रतळ दीड ते साडेपाच सेंटिमीटर वर आला होता. सरक समुद्रतळापासून दोन किलोमीटरच्या आत येऊन पोचली होती, बहुधा थेट खंदकापर्यंत. आणि १९४७ चा भूकंप जिथे झाला होता तो पट्टाही तिच्यात आला होता. एकच जागा कधी दोन-तीन आठवडे सावकाश सरकते आणि कधी मिनिटाभरात तुटून त्सुनामी उठवते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मुंबईत एमएस्सी करत होते, आणि त्याच दिवशी ठरवलं की आपण हेच करायचं.

वेलिंग्टनला आल्यावर पहिले आठ महिने मी समुद्राचं तोंडही पाहिलं नाही. मार्गदर्शक बाईंनी २०१४ च्या त्याच नोंदी हातात दिल्या. त्या सगळ्यांना खुल्या आहेत. "उत्तर तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "आता ते स्वतः काढून दाखव."

कच्ची नोंद उघडली तर पडद्यावर नुसता दाट निळा पट्टा. वर्षभराची भरती-ओहोटी. या किनाऱ्याला पाणी दीडेक मीटर वरखाली होतं आणि मला शोधायचे होते दोन-चार सेंटिमीटर. भरती काढून टाकणं हे पहिलं काम. आबा हे तोंडी करतात. तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत कमी. संगणकातलं गणित चंद्र-सूर्याच्या त्याच फेऱ्या घेतं, फक्त अनेक लयी वेगवेगळ्या सुट्या करून घेतं. बारा तास पंचवीस मिनिटांची लय, बरोबर बारा तासांची, पंधरवड्याची, असं करत एकेक वजा करत जायचं. तो निळा पट्टा विरत विरत एक बारीक, थरथरती रेघ उरली तेव्हा मला वाटलं, झालं काम.

तसं काही झालं नव्हतं. त्या रेघेत चार-चार, पाच-पाच सेंटिमीटरचे चढउतार होते आणि त्यांतला कुठला जमिनीचा, कुठला पाण्याचा, हे तिच्याकडे बघून सांगता येत नव्हतं. समुद्र नुसत्या भरतीनं हलत नाही. प्रवाह वळतात, मोठमोठे भोवरे आठवड्यांच्या गतीनं सरकतात, गार पाणी वर येतं, वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो. हवेचं मात्र एक बरं आहे. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलनं वाढला की समुद्राची पातळी साधारण एका सेंटिमीटरनं खाली बसते आणि तळाला बराचसा हिशेब आपोआप मिटतो. बाकी सगळं निस्तरावं लागतं.

त्यासाठीची युक्ती साधी आहे आणि मला ती फार आवडते. समुद्राची ही हालचाल शेकडो किलोमीटर पसरलेली असते. जमिनीची हालचाल मात्र फक्त जोडाच्या वरच्या बाजूला. तेव्हा खंदकाच्या पलीकडे, खाली घुसणाऱ्या पॅसिफिक पट्टावर एक दाबमापक ठेवायचा. तिथली जमीन मंद सरकेत उचलली जात नाही. दोन्ही नोंदींतलं सामाईक ते समुद्राचं. एकातून दुसरी वजा करायची, उरेल ते जमिनीचं. पुढे लोकांच्या असं लक्षात आलं, की तुलनेची जागा जवळ असण्यापेक्षा सारख्या खोलीवर असणं जास्त महत्त्वाचं, कारण पाण्याचे हे चढउतार उताराच्या कडेकडेनं, समान खोलीच्या रेषेनं एकसारखे धावतात. मी महिनाभर जोड्या बदलत राहिले. आणि एका संध्याकाळी सप्टेंबरच्या शेवटी ती रेघ उतरली. दोनेक आठवड्यांत खाली गेली आणि मग खालीच राहिली. समुद्राचे चढउतार येतात नि जातात, ही पायरी आली आणि तिथेच थांबली.

रेघ खाली गेली म्हणजे दाब कमी झाला, म्हणजे डोक्यावरचं पाणी कमी झालं. तळ वर आला. समुद्राचा पृष्ठभाग आहे तिथेच राहतो, कारण दोन आठवड्यांत पाण्याला बाजूला व्हायला भरपूर वेळ असतो.

मोठ्या भूकंपात तो वेळ नसतो आणि तिथे दाबमापकाचं वागणं चक्रावून टाकतं. तळ काही सेकंदांत दोन मीटर उचलला तर पाणीही तसंच्या तसं दोन मीटर वर जातं. पृष्ठभागावर फुगवटा येतो. पण दाबमापकाच्या डोक्यावरची पाण्याची उंची तेवढीच! भूकंपाच्या हादऱ्यांनी दाब जोरात वरखाली होतो, तो थांबल्यावर काटा जवळपास पहिल्याच जागी येतो, जणू काही घडलंच नाही. मग तो फुगवटा पसरू लागतो. तीच त्सुनामी. ती निघून जाते तसतसा दाब उतरतो आणि कायमचा कमी होऊन बसतो. पायरीची उंची म्हणजे तळ किती उचलला ते. ११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ९ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा खंदकाजवळच्या दाबमापकांवरून तळ पाच मीटर उचलल्याचं कळलं. कामाइशी शहरासमोर समुद्रात केबलला जोडलेले दाबमापक होते. त्यांची नोंद मी छापून टेबलासमोर लावली आहे. पाणी आधी सावकाश दोनेक मीटर चढतं आणि मग एकदम दोन मिनिटांत आणखी तीन मीटर. ते शेवटचं टोक म्हणजे खंदकाजवळचा उथळ भाग, ज्यानं एवढं पाणी उचललं. त्या दिवशी पहिल्या तीन मिनिटांत जो इशारा गेला त्यात भूकंपाची तीव्रता ७.९ धरली होती आणि लाटांचे अंदाज खूप कमी होते. त्यानंतर जपाननं त्या किनाऱ्यासमोर दीडशे ठिकाणी दाबमापक आणि भूकंपमापक केबलनं जोडून टाकले. एवढ्या जिवांच्या मोलानं आलेलं ते शहाणपण आहे, त्या कागदाकडे बघून मला रोज ते आठवतं.

आपल्याकडे २००४ ला हिंदी महासागरात त्सुनामी ओळखायला तळावर एकही असा मापक नव्हता. ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रातही तळावर दाबमापक नि वर तरंगते बोये आले. अरबी समुद्रात कशाला, असं गावात लोक विचारतात. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या किनाऱ्यावर आठ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती. माणसं वाहून गेली होती. आबा तेव्हा चार-पाच वर्षांचे. त्यांना आठवत नाही, आणि घरात कुणी सांगितल्याचंही आठवत नाही. गावं किती लवकर विसरतात, याचं मला भय वाटतं.

आता ती अडचण. काटाच सरकतो.

वर्षानुवर्षं दोनशे वातावरणांच्या दाबाखाली राहून स्फटिक आणि त्याच्याभोवतीचा धातू थकतो. खोली तीच असली तरी आकडा वर्षाला काही सेंटिमीटरनं सरकतो. कुठला मापक वर सरकेल, कुठला खाली, हे आधी सांगता येत नाही. पहिले काही महिने वेगानं, मग एका चालीनं. दोन आठवड्यांची पायरी शोधायची असेल तर हे फारसं आड येत नाही. पण आम्हाला खरा ध्यास आहे तो दोन सरकांच्या मधल्या काळाचा. खंदकाजवळ पट्ट एकमेकांना घट्ट पकडून बसले असतील तर वरचा तळ वर्षाला अगदी थोडा वाकत जाईल. नसतील पकडून तर वाकणार नाही. पुढची १९४७ किती मोठी असू शकेल याचा अंदाज तिथे दडलेला आहे. आणि त्या सावकाश वाकण्यावर मापकाची स्वतःची सरक बेमालूम बसते. जमीन हलली की काटा, हे कळतच नाही.

माझी आजी बाजारात सुकी मासळी विकायची. बोंबील, जवळा, सोडे. तागडीला हात लावला की पहिली गोष्ट, ती रिकामी तागडी उचलून धरायची. एक पारडं जरा झुकलं की दुसऱ्या बाजूला बारीक खडा बांधायची. "पासंग काढल्याबिगर माप घालायचं न्हाय," म्हणायची. वजनाचे दगड कितीही खरे असले तरी तागडीचाच पासंग असेल तर काय उपयोग? मार्गदर्शक बाईंनी मला नव्या यंत्राचं तत्त्व फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा मी बसल्या जागी म्हटलं, हे तर आजीचं आहे.

नव्या यंत्रात मापकाच्या तोंडाशी एक झडप असते. एरवी ती समुद्राकडे उघडी. ठरलेल्या दिवशी छोटी मोटर ती फिरवते आणि मापकाचा समुद्राशी संबंध तोडून त्याला डब्याच्या आतल्या हवेशी जोडते. दोनशे वातावरणांवरून थेट एकावर. आत एक उत्तम बॅरोमीटर बसवलेला असतो, हवेचा दाब तो नीट सांगतो. मोठ्या मापकानंही तेवढाच सांगायला हवा. जितका फरक, तितका पासंग. काही मिनिटांनी झडप परत समुद्राकडे. अट एवढीच, की दाब उतरल्याबरोबर घाईनं आकडा घ्यायचा नाही. स्फटिकाला स्थिरावायला काही मिनिटं लागतात, तेवढं थांबायचं. रिकाम्या काट्याची सरक आणि भरलेल्या काट्याची सरक सारखीच असते, हा त्यामागचा विश्वास. तो विश्वास खरा की खोटा हे तपासायला एकाच झडपेवर दोन मापक बसवतात.

माझं यंत्र प्रयोगशाळेत तयार झालं तेव्हा मी सहा आठवडे त्याच्याजवळ होते. तिथे मापक तपासायची पद्धतही तराजूचीच. एका उभ्या नळीत अगदी चपखल बसणारा दट्ट्या, खाली तेल आणि दट्ट्यावर पोलादी चकत्या ठेवत जायच्या. चकत्यांचं वजन आणि दट्ट्याचं क्षेत्रफळ पक्कं माहीत, म्हणजे तेलातला दाबही पक्का. घर्षण नको म्हणून दट्ट्या फिरता ठेवायचा. चकतीला बोटानं हलका वेग द्यायचा, की ती कितीतरी वेळ आवाज न करता तेलावर तरंगत फिरते. त्या खोलीत गुरुत्वाकर्षण नेमकं किती, हेसुद्धा हिशेबात धरावं लागतं. खोलीचं दार उघडलं तरी आकडा थरथरतो. मी तिथे श्वाससुद्धा बेतानं घ्यायला शिकले.

मग डबा बंद करायचा दिवस. टायटेनियमचा नळकांडा, दोन टोकांना झाकणं आणि झाकणाच्या खाचेत रबराची ओ-रिंग. तिला बोटानं ग्रीस लावायचं, इतकं की चमक दिसावी, थर दिसू नये. उजेडाकडे धरून खाच बघायची. एक केस, कापडाचा एक धागा अडकला तर खाली पाणी वाट शोधतं. मी ती खाच तीनदा पुसली, भिंग घेऊन बघितली आणि झाकण बसवताना मनात आजीचं नाव घेतलं.

यंत्र पाण्यात सोडायचं काम मात्र चटकन संपतं. लोखंडी नांगराच्या चौकटीवर यंत्र बसवलेलं, वर काचेचे पोकळ गोळे, केशरी टोप्या घातलेले. क्रेननं कठड्याबाहेर धरायचं, पाण्याला टेकलं की क्रेनचा आकडा सोडायचा. केशरी रंग दोन क्षण हिरवट दिसतो आणि नाहीसा होतो. सेकंदाला एक मीटरच्या आसपास वेगानं ते अर्ध्या तासाहून जास्त वेळ बुडत जातं. नंतर जहाज त्याच्याभोवती फेरी मारतं, चहूबाजूंनी ध्वनीनं अंतर मोजून ते तळावर नक्की कुठे टेकलं ते काढतं. वर्षभर मग त्याच्याकडून एक अक्षर येत नाही. वेलिंग्टनला वारा सुटला की मी खिडकीशी उभी राहायचे, आज झडपेचा दिवस आहे, फिरली असेल का, असं मनात यायचं.

तर त्या रात्री सव्वादोनला ते वर आलं. जहाज वाऱ्याच्या बाजूनं जवळ घेतलं, लांब काठीचा आकडा अडकवला आणि डेकवर घेतलं. अंगाला खालचा चिखल तसाच होता, राखाडी, मऊ, अगदी थंड. मी हातमोजा काढून त्याला हात लावला. अकराशे वावेखालचा गारवा होता तो.

दुसऱ्या यंत्राचं तसं झालं नाही. हाक दिली, उत्तर आलं. तारेतून वीज सोडा, असा आदेश दिला. ही तार नांगराला धरून ठेवते, वीज सोडली की खाऱ्या पाण्यात ती काही मिनिटांत विरघळून तुटते. आम्ही अंतर मोजलं, १,८७४. दहा मिनिटांनी मोजलं, १,८७४. अर्ध्या तासानं तेच. ते जिवंत होतं, विचारलं की बोलत होतं, पण जागचं हलत नव्हतं. पुन्हा आदेश, पुन्हा थांबणं. पहाट झाली. चीफ सायंटिस्टनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या ठिकाणी निघायला सांगितलं. जहाजाचा प्रत्येक तास मोजलेला असतो, त्यांचं बरोबरच होतं. निघताना मी शेवटचं एकदा विचारलं. १,८७४. मी केबिनमध्ये जाऊन पोटभर रडले आणि मग आईनं दिलेल्या आलेपाकाची वडी तोंडात टाकून कामाला बसले.

जे मिळालं होतं त्याच्या नोंदी दुपारपर्यंत उतरल्या. दोन्ही मापकांच्या कच्च्या रेघा मी एकावर एक काढल्या. सुरुवातीला एकत्र होत्या, मग हळूहळू फाकत गेल्या, उघडलेल्या कात्रीसारख्या. एक वर, एक खाली. वर्षाच्या शेवटी दोघांत कितीतरी सेंटिमीटरचं अंतर. एकाच जागी, एकाच पाण्याखाली बसून दोघे वेगवेगळी खोली सांगत होते. मग झडपेचे आकडे घेतले. प्रत्येक मापकाचा पासंग त्याच्या त्याच्या रेघेतून काढला आणि पुन्हा काढून बघितलं. कात्री मिटली. दोन रेघा एकमेकींवर अशा बसल्या, की मला आधी वाटलं एकच काढली गेली. मोठी करून बघितली तेव्हा दोन रंग दिसले, फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. मी काही न बोलता संगणक शेजारच्या मुलाकडे वळवला. तोही काही बोलला नाही, त्यानं फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आणि ती रेघ सपाट होती. त्या वर्षात आमच्या यंत्राखाली मंद सरक झाली नव्हती, किनाऱ्यावरच्या जीपीएसनंही तेच दाखवलं होतं. संध्याकाळी जहाजाच्या उपग्रहावरून तुटक फोन लागला.

"मंग, काय गावलं?" आबांनी विचारलं.

"जमीन हलली नाही, आबा. वर्षभर."

"म्हणजे कायच न्हाय?"

"आबा, आधी कुणी असं सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, कशावरून? आता काटा खरा आहे हे माहीत आहे. म्हणून हलली नाही असं सांगू शकते. आता तोच काटा आणखी दोन वर्षं खाली ठेवला, की ती किंचित तरी वाकतेय का, ते कळेल."

पलीकडे खरखर. मग आबा म्हणाले, "तुझी आजी असती तर तिला बरोबर समजलं असतं."

तीन दिवसांनी, नवे बॅटरी-संच घालून, ओ-रिंग बदलून, झडप तपासून आम्ही त्याच ठिकाणी परत आलो. सकाळची वेळ, वारा पडलेला, आबांच्या हिशेबानं भांगाचे दिवस. यंत्र कठड्याबाहेर गेलं. या वेळी दोरी ओढून आकडा सोडायचं काम मी मागून घेतलं होतं. केशरी, मग हिरवट, मग नुसतं पाणी. मी आत जाऊन अंतर मोजायला बसले. ४००. ९००. १,४००. १,९८०. २,०३१.

पुन्हा विचारलं. २,०३१.

"तळ लागला," मी मराठीत म्हटलं आणि वहीत वेळ लिहिली.